अनंत घरांचं गाव

मेंढपठारावरच्या प्रयोगशाळेत डॉ. केतकी ठोंबरे गेले काही महिने एकच घर बांधत होती. घर संगणकाच्या पडद्यावर होतं. त्याला चार भिंती, एक दार, दोन खिडक्या आणि वर पत्रा होता, आणि त्या घरावर ती रोज सकाळी डावीकडून एक विद्युतचुंबकीय लहर सोडायची. लहर भिंतीवर आपटली की तिचे तुकडे कुठे उडतात, किती आत शिरतात, किती परत फिरतात, याचा हिशेब संगणक मांडायचा. हिशेब मनासारखा आला नाही की केतकी भिंतीच्या गिलाव्यातला एखादा थर पातळ करायची, एखादा जाड करायची आणि पुन्हा लहर सोडायची. तिची आई दर रविवारी फोनवर विचारी, "झालं का गं घर?" पोरीने पठारावर जागा घेतली अशी आईची समजूत होती, आणि ती दूर करायला केतकीला वेळ मिळाला नव्हता.

त्या दिवशी मात्र घर झालं. तिने खुर्ची मागे ढकलली आणि शेजारच्या खोलीतल्या सलीम मुजावरला हाक मारली. सलीम हा दुर्बिणीचा अभियंता. पठारभर पसरलेल्या तारांच्या अँटेनांची देखभाल त्याच्याकडे होती. माणूस मिरजेचा, स्वभावाने थट्टेखोर, आणि कुणी आनंदाने हाक मारली की आधी संशय घेणारा.

ही दुर्बीण बघायची नव्हती, ऐकायची होती. विश्वात पहिले तारे पेटले त्या काळातल्या हायड्रोजनने सोडलेली एक क्षीण लहर तिला ऐकायची होती. ती लहर निघाली तेव्हा वीतभर लांबीची होती. पुढे विश्वच ताणलं जात राहिलं, तशी तीही ताणली गेली, आणि पठारावर पोचेपर्यंत पाच मीटरची झाली. अडचण एवढीच होती की नेमक्या त्याच लांबीच्या लहरी पठाराच्या पायथ्याच्या नव्या उंबरणं गावातून निघत होत्या. मोबाइलचे चार्जर, एलईडीचे दिवे, सौर इन्व्हर्टर, मिक्सर, पिठाची गिरणी, सगळी यंत्रं या लांबीत बारीक कुरकुर करतात. ती कुरकुर पहिल्या ताऱ्यांच्या आवाजापुढे लाखो पटींनी मोठी होती.

जुनं उंबरणं धरणात गेलं होतं. नवं सरकारने बांधून दिलं, एकाच नकाशाची घरं, एका सरळ गल्लीत, सारख्या अंतरावर. आता दुर्बिणीभोवतीच्या शांतता-क्षेत्र समितीचं म्हणणं होतं की दिवाळीपर्यंत गावाची कुरकुर मर्यादेखाली आली नाही, तर गाव डोंगरापलीकडे हलवावं लागेल. पाण्याने एकदा उठवलेलं गाव आता आकाशासाठी उठणार होतं. ही गोष्ट केतकीच्या जिवाला लागली होती. ताऱ्यांचा आवाज तिला हवाच होता, पण माणसांना पुन्हा बोचकी बांधायला लावून नको होता.

"बघ," ती पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली, "थरगिलावा. बाहेरच्या भिंतीला बोटभर जाडीचे, एकावर एक सात थर."

"पाच मीटरची लहर आणि तुझा थर बोटभर?"

"म्हणून तर त्यात तो भट्टीत भाजलेला खनिजाचा चुरा घातलाय. या चुऱ्यात लहर आखडते. पाच मीटरची लहर आत शिरली की तिची लांबी करंगळीएवढी होते. मग बोटभर थर पुरतात."

"बरं. आणि थर करतात काय?"

"प्रत्येक थराच्या तोंडाशी लहर थोडी परत फिरते, थोडी पुढे जाते. पुढे गेलेली पुढच्या थरावरून पुन्हा थोडी परत येते. जाडी नेमकी ठेवली तर परत फिरणाऱ्या सगळ्या एका पावलात चालतात आणि एकमेकींना जोर देतात. पुढे जाणाऱ्या एकमेकींचे पाय ओढतात. शेवटी पलीकडे काही उरतच नाही."

"म्हणजे घरातली कुरकुर घरातच."

"भिंतीपुरती. दारं-खिडक्या उघड्या राहणारच, तिथून थोडी निसटेल. पण गल्लीत आली की समोर पुन्हा गिलाव्याचं घर. ते तिला आत घेत नाही, पुढच्या घराकडे ढकलतं. तेही घेत नाही. घरांमधलं अंतर सारखं आहे ना, त्यामुळे ती वर उचललीच जात नाही. गल्लीतून सरपटत पुढे पुढे जाते. आकाशाकडे शून्य!"

सलीमने पडद्यावर लहर सरपटताना पाहिली. दृश्य सुंदर होतं, हे त्याने कबूल केलं. मग त्याने विचारलं, "गावातली किती घरं घेतलीस गणितात?"

"एक."

"एक?"

"एक घर आणि आवर्ती सीमा," केतकी म्हणाली. "घराच्या उजवीकडून बाहेर पडलेली लहर डावीकडून परत आत घ्यायची. मग संगणकाला वाटतं, शेजारी हेच घर आहे, त्याच्या शेजारी हेच, असं अनंतापर्यंत. सगळे असंच करतात रे. सबंध गाव खरंखुरं मांडलं तर हे यंत्र पुढच्या दिवाळीपर्यंत कण्हत बसेल."

"म्हणजे तुझ्या गावात प्रत्येकाचा शेजारी हुबेहूब त्याच्यासारखा."

"हो."

"तू कधी गावात राहिली आहेस का गं?" सलीम म्हणाला.

केतकी हसली, पण मुद्दा तिला पटला होता. सगळ्या घरांना गिलावा लागला तरच गणित खरं. म्हणून समितीला पाठवलेल्या प्रस्तावात तिने ठळक अक्षरात लिहिलं, 'गावातील प्रत्येक घर'.

ग्रामसभेत फारशी खळखळ झाली नाही. सरपंच मारुती खिलारे यांनी दोनदा विचारलं की गिलावा उन्हाळ्यात तापणार तर नाही ना, आणि एका आजोबांनी विचारलं की पहिल्या ताऱ्यांचा आवाज ऐकून पुढे करायचं काय. पण डोंगरापलीकडे कुणालाच जायचं नव्हतं. गवंडी आले, चुऱ्याची पोती आली, आणि पितृपक्ष उलटण्याआधीच गल्ली दोन्ही टोकांकडून राखाडी होत होत मध्याकडे सरकू लागली.

ऐन मध्यावर ती थांबली. तिथे हौसाक्कांचं घर होतं.

आराखड्याने ते घर इतरांसारखंच, पण आक्कांनी त्याच्या सिमेंटच्या भिंतींवर हातभर जाड माती थापली होती. मातीत भुसा, वरून शेणाचा हात, आणि दर चार दिवसांनी पाण्याचा हबका देऊन पुन्हा सारवण. सरकारी घरांच्या रांगेत ते घर गुबगुबीत आणि ओलसर दिसायचं. आक्का दारातच बसल्या होत्या.

"न्हाई," केतकीने तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या.

"आक्का, मी अजून काही बोललेच नाही."

"तू काय बोलणार त्ये समद्या गल्लीला ठावं हाय. माझ्या भितीला हात लावू द्यायची न्हाई."

"पण का? सगळ्यांनी लावून घेतला."

"म्हणूनच!" आक्का म्हणाल्या. "हितं आलो तवा समदी घरं येकसारखी. आमच्या धन्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. रोज कुणाच्या तरी घरात शिरायचे. एकदा खिलाऱ्याच्यात जाऊन बसले, त्यांच्या सुनंनं ताट वाढलं, ह्यांनी पोटभर खाल्लं, वर भाजीत मीठ कमी हाय म्हणून माझ्या नावानं वरडले! त्या दिशी म्या हातात माती घेतली. आता हात लावला की त्यास्नी कळतंय, ह्ये आपलं."

मागे खाटेवर बसलेले दत्तूआप्पा खुदकन हसले. "मीठ खरंच कमी हुतं," ते म्हणाले.

केतकी दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. तिने समजावलं, सरपंचांनी गळ घातली, सलीमने मिरजेहून बासुंदी आणली. आक्कांनी बासुंदी घेतली आणि भिंत दिली नाही. बाकीच्या सगळ्या घरांचा गिलावा वाळून कडक झाला.

मग एक गंमत झाली. सलीमने सहज म्हणून दुर्बिणीचा एक कान गावाकडे वळवला आणि तो खुर्चीत ताठ बसला. गाव गप्प होतं. मर्यादेच्या कितीतरी खाली.

"एक घर बाकी असताना हे!" केतकी टाळ्या पिटत म्हणाली. "मग पूर्ण झाल्यावर काय होईल?"

त्या आनंदात तिने समितीचे अध्यक्ष डॉ. वर्तक यांना फोन केला. वर्तक हे सभ्य आणि नियमाला अतिशय धरून चालणारे गृहस्थ. ते म्हणाले, "अभिनंदन. पण तुमच्या प्रस्तावात 'प्रत्येक घर' असं आहे. एकही घर राहिलं असेल, तर समितीच्या दृष्टीने काम अपुरं आहे. अपुऱ्या कामाची मोजणी आम्ही करत नाही." केतकीने स्वतःच्याच ठळक अक्षरांना मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

त्याच आठवड्यात आक्कांनी सलीमला रस्त्यात गाठलं. "तुमच्या त्या गिलाव्यानं माझा रेडू बिगाडला," त्या म्हणाल्या. सलीम त्यांच्या घरी गेला. कोनाड्यात बॅटरीवरचा जुना रेडिओ होता आणि त्यातून नाना तऱ्हेची खरखर येत होती. सलीमने तो हातात घेतला तसा आक्कांनी त्याच्या हातावर चापट मारली.

"दुरुस्त नको करूस! आता मला सवं झाली हाय. ह्यो घुर्र घुर्र आवाज खिलाऱ्याचा मिक्सर. त्यांच्यात आज चटणी हाय. ही बारीक शिट्टी टोकाच्या घरातल्या पोरीचा मोबाइल, चार्जर लावूनच बोलती, तासतासभर. कुणाशी त्येबी कळंल हळूहळू." आक्कांचे डोळे चमकत होते. साऱ्या गल्लीत कुणाच्या घरी काय वाटलं जातंय, कुणाचा इन्व्हर्टर चालू आहे, कुणी पहाटे उठून गुपचूप पंप लावतो, सगळं त्यांना घरबसल्या कळत होतं.

सलीमने ही कथा केतकीला रंगवून सांगितली. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "साहजिक आहे. त्यांच्या भिंतीला गिलावा नाही, म्हणून त्यांच्याकडे सगळं शिरतं." एवढं म्हणून ती पुन्हा आपल्या कामाला लागली. अर्धं उत्तर तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, पण डोक्यात 'प्रत्येक घर' बसलं होतं, त्यामुळे उरलेलं अर्धं तिला ऐकू आलं नाही.

समिती यायची तारीख ठरली. आदल्या दिवशी सकाळी सगळी गल्ली आक्कांच्या अंगणात जमली. कुणी भांडायला आलं नव्हतं, नुसतेच उभे होते. आक्का पदर खोचून दारात आडव्या. शेवटी मागून दत्तूआप्पा म्हणाले,

"हौसे, घर येगळं ऱ्हाईल. पर गावच न्हाई ऱ्हायलं, तर म्या चुकून कुनाच्या घरात शिरू?"

आक्कांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "लावा काय लावायचं त्ये," त्या म्हणाल्या आणि दारातून बाजूला झाल्या.

मग काय विचारता! गवंड्यांच्या जोडीला सगळं गाव लागलं. माती उकरून काढायला वेळ नव्हता, म्हणून तिच्यावरच जाळी ठोकून सात थर चढवले. बायकांनी चुरा कालवला, पोरांनी पाणी ओढलं. दुपारी आक्कांच्याच अंगणात पिठलं-भाकरीची पंगत बसली आणि खिलाऱ्यांच्या सुनेने आप्पांच्या ताटात मुद्दाम मिठाचा ढीग वाढला. संध्याकाळी घर इतरांसारखं राखाडी झालं. केतकीने आक्कांना मिठी मारली. आक्का म्हणाल्या, "बरं दिसतंय की," आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. वर्तक आणि त्यांचे दोन सहकारी पठारावर आले. चहा झाला. केतकीने अभिमानाने 'प्रत्येक घर' हे शब्द उच्चारले. सलीमने दुर्बिणीचा कान गावाकडे वळवला.

पडद्यावरची रेघ उभी चढली. ती मर्यादेला लागली, मर्यादा ओलांडून वर गेली आणि तिथेच थरथरत राहिली.

"हे गाव आहे की गिरणी?" वर्तकांनी विचारलं.

केतकीने आकडे पुन्हा पाहिले. गिलावा लावण्याआधी होती तेवढीच, कदाचित त्याहून थोडी जास्तच कुरकुर येत होती. तिने तारा तपासायला सांगितल्या. सलीमने तपासल्या, ठीक होत्या. "दुपारपर्यंत आम्ही आहोत," वर्तक म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, पण त्या मऊपणात गावाची बोचकी बांधली जाताना केतकीला दिसली.

"काल आणि परवात काय बदललं?" सलीमने विचारलं.

"फक्त आक्कांचं घर."

"मग इथे काय बसलीस? चल."

दोघं जीपने खाली आली. आक्का दारात बसल्या होत्या आणि मांडीवर रेडिओ होता. त्यातून आकाशवाणीच्या बातम्या खणखणीत येत होत्या. इतक्या स्वच्छ बातम्या येऊनही आक्कांचं तोंड उतरलेलं होतं.

"मुका झाला," त्या म्हणाल्या. "कुणाचं काय चाललंय कायबी कळंना. तुमच्या गिलाव्यानं मला शेजाराची ठेवली न्हाई."

केतकी एकदम थबकली. तिने रेडिओकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग ती गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि सरळ टोकाकडे बघू लागली. राखाडी घर, राखाडी घर, राखाडी घर, आणि शेवटच्या घरापुढे उघडा माळ.

"सलीम," ती म्हणाली, "गल्ली संपते रे!"

"संपणारच. गल्ली आहे."

"माझ्या गणितात संपत नाही! गिलावा लहर मारत नाही, फक्त परत फिरवतो. घरं तिला पुढे ढकलतात. अनंत घरं असली की ती अनंत काळ सरपटत राहते, म्हणून आकाशाकडे शून्य दिसतं. इथे शेवटच्या घरापुढे तिला ढकलणारं कुणी नाही. मग ती जाणार कुठे? टोकाला पोचली की उचलली जाते, थेट वर, तुझ्या अँटेनांकडे. गावभरची कुरकुर गोळा करून आपण दोन टोकांनी वर फेकतोय!"

"पण परवापर्यंत गाव गप्प होतं."

"परवापर्यंत मध्ये आक्का होत्या! सगळ्या रांगेत आत घेणारं घर एकच. दोन्ही बाजूंनी ढकलत ढकलत लहरी तिथे यायच्या, त्या एका घरात साठायच्या. त्यातल्या चिमूटभर रेडिओत वाजायच्या. आणि भिंती कसल्या, हातभर ओली माती! ओल्या मातीत लहर रुतते, तिची ऊब होते आणि ती संपते. टोकापर्यंत काही पोचतच नव्हतं."

सलीमने कपाळाला हात लावला. "म्हणजे सगळ्या गावात खरा गिलावा एकच होता, आणि आपण तो काल झाकला."

मागून कुणीतरी खाकरलं. वर्तक दुसऱ्या गाडीने खाली आले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. "तर्क चांगला आहे," ते म्हणाले. "पुरावा?"

"गिलावा अजून ओला आहे," केतकी म्हणाली. "तासाभरात उतरवता येईल. पण ते आक्कांनी ठरवायचं."

ती आक्कांपुढे जाऊन बसली. महिनाभर ज्या गोष्टीसाठी हात जोडले होते, तिच्या बरोब्बर उलट गोष्टीसाठी आता हात जोडायचे होते. तिला लाज वाटत होती आणि हसूही येत होतं. "आक्का, गिलावा काढायला हवा. तुमचं घर पहिल्यासारखं हवं. नुसतं चालेल असं नाही, तसंच हवं. तुमचं घर वेगळं असलं तरच गाव इथे राहतं. मी चुकले. मी अनंत घरं धरली होती, आणि सगळी सारखी."

आक्का तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदराने नाक पुसलं आणि आवाज चढवला. "काल लावा म्हणून पाया पडलीस, आज काढा म्हणून पाया पडतीस! आन् उद्या ह्यो सायेब बदलून दुसरा आला, त्यो म्हणंल समद्यांसारखं करा, तर?" त्यांनी वर्तकांकडे बोट केलं. "सरकारानं आमास्नी येकसारखी घरं दिली. आता ह्या सायबानं गल्लीत हुबं ऱ्हाऊन, समद्यांम्होरं सांगायचं, माझं घर कसं असावं त्ये. मग काढा."

गल्ली जमलेलीच होती. वर्तकांनी चष्मा पुसला. आयुष्यभर त्यांनी सगळं एकसारखं असावं म्हणूनच आदेश काढले होते, त्यामुळे शब्द सापडायला त्यांना वेळ लागला.

"मोजणी मर्यादेत आली तर," ते म्हणाले, "समितीची अट अशी राहील, की हौसाबाईंचं घर गावातल्या इतर कोणत्याही घरासारखं असू नये. कायमचं."

"जरा मोठ्यानं म्हणा," आक्का म्हणाल्या. "आमच्या धन्याला कमी ऐकू येतंय."

वर्तकांनी ते पुन्हा, मोठ्याने म्हटलं. दत्तूआप्पांनी मान डोलावली. आक्कांनी उठून स्वतःच्या हाताने थापी घेतली आणि ओल्या गिलाव्याचा पहिला पापुद्रा खरवडून खाली पाडला. मग काल ज्यांनी लावला होता ते सगळे आज तुटून पडले. जाळी निघाली, राखाडी चिखलाचे ढीग अंगणात साचले, आणि खालून मातीची भिंत पुन्हा वर आली. आक्कांनी बादलीभर पाण्याचा हबका मारला आणि दत्तूआप्पांनी पुढे होऊन भिंतीवर तळहात टेकवला.

पठारावर थांबलेल्या वर्तकांच्या सहकाऱ्याचा फोन आला. रेघ खाली आली होती. मर्यादेखाली आणि तिथून आणखी खाली, जिथे नुसतं आकाश उरतं तिथे. केतकी रडायलाच लागली. सलीमने वर्तकांना मिठी मारली, आणि वर्तकांनी ती नियमात बसते की नाही याचा विचार न करता मारू दिली. गाव कुठेही जाणार नव्हतं.

आता हे इथे संपायला हवं होतं. पण सरपंच खिलारे मघापासून काहीतरी विचार करत होते. ते पुढे आले आणि म्हणाले, "म्याडम, ह्ये मातीचं घर आक्कांचंच का? गल्लीच्या मध्यावर आमचंबी हाय, त्यांच्या शेजारचंच. आमच्या भितीला माती थापली तर चालंल का?"

केतकी शास्त्रज्ञ होती, तिला खोटं बोलता येईना. "चालेल," ती म्हणाली. "गणिताला सगळी घरं सारखीच. मधलं कुठलंही एक चालेल. एकच मात्र. दोन झाली तर पुन्हा सगळं नव्याने मोजावं लागेल."

"म्हंजी ह्यो मान हाय," खिलारे म्हणाले.

तो शब्द उच्चारला गेला मात्र, गल्लीचा नूर बदलला. पालखीचा मान कुणाचा, पहिल्या नारळाचा मान कुणाचा, यावर जुनं उंबरणं पिढ्यान् पिढ्या भांडलं होतं. नव्या गावात मानाचं काही उरलंच नव्हतं, सगळं सारखं. समोरच्या घरातले म्हणाले, मान फिरता ठेवा, यंदा आक्का, पुढच्या वर्षी आम्ही. टोकाची घरं म्हणाली, आम्ही काय पाप केलं? कुणीतरी म्हणालं, रेडिओ मानकऱ्याला मिळणार की आक्काच ठेवणार? आक्का म्हणाल्या, सायबानं कायमचं म्हटलंय, हिंमत असंल तर माझ्या भितीला हात लावून दाखवा. मग सगळेच एकदम बोलू लागले, पोरं ओरडू लागली, खिलारे पारावर चढले, आणि डॉ. वर्तक दोन्ही हात वर करून कुणी न ऐकणारा एक आदेश देऊ लागले.

पठारावर दुर्बिणीत उंबरण्याचा शब्दही पोचत नव्हता. त्या दुपारी तिने कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच नुसतं आकाश ऐकलं. खाली गल्लीत मात्र संध्याकाळपर्यंत कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं.